आक्काच्या दुकानात कुठली नखं ठेवायची

माझ्या आक्काचं निपाणीत ब्युटी पार्लर आहे. बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत एक गाळा, पुढं शटर, बाकी तिन्ही बाजूंनी भिंत. खुर्च्या दोन, आरसा एक, आणि गिऱ्हाइकांना बसायला जुना सोफा.

आक्का माझी थोरली बहीण. ती शाळा सोडून आईबरोबर तंबाखूच्या वखारीत जायला लागली तेव्हा मी बालवाडीत होते. पुढं ती एका बाईंच्या हाताखाली दोऱ्यानं भुवया कोरायला शिकली, आणि त्या दोऱ्यावर तिनं मला बी.एस्सी. केलं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आता मी बेळगावात उद्यमबागेत लोखंड ओतणाऱ्या एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत साच्यांच्या वाळूचे नमुने तपासते आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं निपाणीला येते. माझ्या नोकरीचं कुणी कौतुक केलं की मला आधी आक्काचा दोरा आठवतो. दोऱ्याचं एक टोक दातात धरून ती तासन्‌तास वाकून उभी असायची.

वखारीनं मात्र आक्काची छाती खराब केली. तंबाखू चाळताना जी तिखट धूळ उडते ती लहान वयात तिच्या आत जाऊन बसली असावी. तिला धाप लागते. पार्लरमधली कामं त्यामुळं एकेक करून सुटत गेली. केस सरळ करायचं काम आधी गेलं, कारण त्यात धूर होतो. मग ब्लीच गेलं, मग केस रंगवणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूर, धूळ आणि उग्र वास यांच्यापासून लांब राहा. आक्का त्यांना म्हणाली होती, "मग पार्लर मोडून देवळात जाऊन बसू काय, डॉक्टर? तिथं बी उदबत्ती हाय."

राहिलं होतं भुवया, फेशियल आणि नवरीचा मेकअप. पण वाकून उभं राहिलं की तिला दम लागायचा. दुपारी दोन गिऱ्हाइकांनंतर ती शटर अर्धं ओढून सोफ्यावर आडवी व्हायची. तिला सर्वांत जास्त भीती कशाची होती, तर कुणीतरी येऊन "आता बास कर, घरात बस" म्हणेल याची. घरात बसणं तिला जमलं नसतं. हे मी ओळखून होते, पण ते तिच्यासमोर बोलायची सोय नव्हती.

नखांचं काम तिला बरोबर सुचलं. ते बसून करायचं असतं. गिऱ्हाईक समोर, मध्ये टेबल, हातात हात. शिवाय मागणी होती. कॉलेजच्या पोरी, शाळेतल्या मॅडम, लग्न ठरलेल्या मुली, सगळ्या नखं लांब करून घ्यायला कोल्हापूरला नाहीतर बेळगावला जात होत्या. त्या तिकडूनच भुवया पण करून येत, हे आक्काला जास्त लागायचं.

एका रविवारी ती म्हणाली, "तू केमिस्ट्रीवाली न्हवं? ह्या नखांत पाच तऱ्हा हायत म्हनत्यात. त्यातली कुठली आपल्या दुकानात ठेवायची ते तू बघ."

"तुला कुठली पायजे?"

"मला म्हाईत असतं तर तुला इचारलो असतो काय?"

(आमच्याकडं बायका बोलताना स्वतःला 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. मीही घरात तसंच बोलते. लिहिताना मात्र शाळेतलं मराठी येतं.)

मी बघायला लागले आणि मला त्यात इतकी गोडी लागली की आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर नखांचेच व्हिडिओ बघत होते. पहिला व्हिडिओ अ‍ॅक्रिलिकचा होता. एक बाई ब्रश एका पातळ द्रवात बुडवायची, मग पावडरीला टेकवायची. ब्रशच्या टोकाला ओला मणी तयार व्हायचा. तो मणी ती नखावर दाबून पसरायची आणि बघता बघता तो दगडासारखा घट्ट व्हायचा. मी डबा बाजूला ठेवून सरळ बसले. हे तर आमच्या फाउंड्रीतलंच काम होतं. आम्ही वाळूत रेझीन घालतो, मग हार्डनर घालतो, आणि हाताला सुटी लागणारी वाळू थोड्या वेळात अशी होते की हातोडीनं फोडावी लागते. बाईच्या नखावर नेमकं तेच चाललं होतं. फक्त साचा बोटाएवढा होता.

हळूहळू सगळं ध्यानात आलं. अ‍ॅक्रिलिक आपलं आपण वाळतं, त्याला दिवा लागत नाही, पण त्याच्या द्रवाला उग्र वास असतो. बिल्डर जेल म्हणजे मधासारखं घट्ट जेल. नखाखाली कागदाचा साचा लावून ते पसरायचं आणि जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली धरायचं, म्हणजे कडक होतं. जेल टिप म्हणजे पूर्ण आकाराचं तयार नख. ते जेलनंच चिकटवायचं आणि दिव्याखाली पक्कं करायचं. डिप म्हणजे नखाला चिकट द्रव लावून बोट पावडरीच्या डबीत बुडवायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा बुडवायचं. आणि शेवटची, पाकिटात मिळणारी चिकटवायची नखं, जी कुणीही घरी लावू शकतं.

नुसतं बघून निर्णय होणार नव्हता. आक्कानं बेळगावात एका बाईंकडं शिकवणी लावली आणि तेवढे दिवस माझ्या खोलीवर राहायला आली. शिकवणाऱ्या बाई हुबळीच्या. कन्नड, हिंदी आणि थोडं मराठी असं तिन्ही एकत्र बोलायच्या. त्यांना सरावासाठी हात हवे होते, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून माझे हात घेऊन गेले.

त्या दिवशी अ‍ॅक्रिलिक होतं. काचेच्या छोट्या वाटीत द्रव ओतल्याबरोबर खोलीभर वास पसरला. आमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे रेझीन घालून वाळूचे गाभे बनवतात तिथं, असा वास रोज असतो, मला त्याचं काही वाटत नाही. मागच्या खुर्चीवरची एक पोरगी कन्नडमध्ये म्हणाली, "मॅडम, वासनि भाळ ऐति," म्हणजे वास फार आहे. बाई म्हणाल्या, सवय होईल, मास्क घाला. आक्कानं मास्क घेतला नाही. मास्कमधून तिला श्वास पुरत नाही. तिनं पदर नाकाला लावला, माझ्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर बाईंनी दाखवल्यासारखे मणी ठेवले, पसरले, छान पसरले, आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून उठली.

बराच वेळ झाला तरी आली नाही, म्हणून मी बघायला गेले. ती जिन्यावर बसली होती. हातात धाप लागल्यावर तोंडात मारायचा पंप होता, जो ती ब्लाउजमध्ये ठेवते.

"काय झालं?"

"काय न्हाय. जिना चढलो न्हवं, त्याची धाप."

"जिना सकाळी चढलाईस आक्का. आता दुपार झाली."

"गप बस गं. तुझं लक्ष माझ्या जिन्यावर कशाला?"

ती परत आत गेली आणि माझी दोन्ही नखं पूर्ण करूनच थांबली. बाईंनी तिचं काम सगळ्यांना दाखवलं, इतका तिचा हात पहिल्याच दिवशी साफ बसला होता.

पुढच्या दिवसांत माझ्या बाकीच्या बोटांवर राहिलेल्या तऱ्हा आल्या. डाव्या हाताला अ‍ॅक्रिलिक आणि डिप, उजव्या हाताला बिल्डर जेल आणि जेल टिप, आणि दोन्ही अंगठ्यांना पाकिटातली नखं. हुबळीच्या बाई माझे हात धरून हसल्या. म्हणाल्या, "ये तो दहा बोटांवर बाजार भरला रे बाबा."

तो बाजार घेऊन मी कामावर जायला लागले. एका अंगठ्याचं नख पहिल्याच दिवशी बसमध्ये गेलं. दांडी धरायला गेले आणि ते दांडीलाच राहिलं. दुसरं कपडे पिळताना बादलीत सापडलं. डिपची नखं जाड झाली होती आणि त्यांच्या कडेचे टवके उडायला लागले. बिल्डर जेल टिकलं, पण ते दिव्याखाली असताना एकदा असा चटका बसला होता की मी हात ओढून घेतला होता. बाकीच्या पोरी घाबरल्या. मला मात्र बारावीच्या पुस्तकातलं वाक्य आठवून आनंद झाला, की अभिक्रिया होताना उष्णता बाहेर पडते. ते वाक्य मी पाठ करून मार्क मिळवले होते, बोटाला लागलं ते त्या दिवशी.

प्रयोगशाळेतला आमचा एक ऑपरेटर माझी नखं बघून म्हणाला, "म्याडम, हार्डनेस मशीनवर घेऊया काय? रीडिंग चांगलं येईल."

"घे की. आणि तुटलं तर रिजेक्शनमध्ये टाक."

अ‍ॅक्रिलिक तुटलं नाही. ते सर्वांत भक्कम होतं, यात शंका नाही. पण एकदा वाळूच्या पोत्याच्या सुतळीत ते अडकलं आणि वाकायच्या ऐवजी त्यानं माझं खरं नखच मुळापासून उचललं. डोळ्यांत पाणी आलं. जेल टिप त्याच पोत्यात अडकली तेव्हा तिला बारीक चीर गेली, माझ्या बोटाला काही झालं नाही. दोन दिवस मी या गोष्टीचा विचार करत होते. नुसता कडकपणा बघून चालत नाही, थोडं लवचीक असणं बरं, हे आम्ही लोखंडाबद्दल रोज बोलतो.

घरी भाकरी थापायला बसले तर भाकरीवर चंद्रकोरी उमटायच्या. पीठ नखांखाली भरायचं. आमटीभात हातानं कालवताना बोटं आखडून धरावी लागायची. आक्का ते सगळं बघायची. मग एका रविवारी तिनं आपला निकाल सांगितला.

"अ‍ॅक्रिलिकच घेऊया."

मी म्हटलं, "वास?"

"पंखा लावू."

"गाळ्याला मागं खिडकी न्हाय. पंखा वास फिरवंल, बाहेर कुठनं टाकंल?"

"शटर उघडं ठेवू. हे बघ, आपल्या बायका भांडी घासनार, भाकरी थापनार, शेतात जानार. कच्चं काम दिलं तर दारात येऊन भांडतील. आणि तुझं जेल दिव्यावर चालतंय. निपाणीत करंट गेला की दिवा कशावर लावू, चुलीवर?"

करंटचा मुद्दा बरोबर होता. पण मला जिना दिसत होता. या एका कामावर तिचं दुकान उभं राहणार होतं, आणि तेच काम तिला दुकानाबाहेर काढणार होतं. मी तसं म्हटलं असतं तर ती चिडून मुद्दाम अ‍ॅक्रिलिकचा डबा घेऊन आली असती. म्हणून मी म्हटलं, "करंटचं मी बघतो. चार्जिंगचा लहान दिवा मिळतोय, मुठीएवढा. भक्कमपणाचं तू सांग, कशात टिकलं तर मानशील?"

ती म्हणाली, "लग्नात. नवरीच्या हातावर टिकलं तर मानीन. आपलं खरं गिऱ्हाईक नवरीच हाय. न्हाय टिकलं तर परत तोंड उघडायचं न्हाय."

मामाच्या पोरीचं लग्न सदलग्याला ठरलंच होतं. ती कॉलेजला जाणारी, हौशी. विचारल्याबरोबर तिनं दोन्ही हात पुढं केले.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. हळद लागल्यावर नवरीला घराबाहेर पाठवत नाहीत. त्यामुळं पार्लरचं सगळं काम, फेशियल असो, वॅक्सिंग असो, मेंदी असो, हळदीच्या आधी उरकायचं असतं. आक्कानं इतकी वर्षं तेच केलेलं. म्हणून नखंही आम्ही हळदीच्या आदल्या दिवशी करून दिली. जेल टिप, दुधी गुलाबी रंग, टोकाला पांढरी रेघ. आक्कानं हात असा लावला होता की नख कुठं संपतं आणि टिप कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. मामी शेजारपाजारच्या बायकांना पोरीचा हात दाखवत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात हळद लागली. आंब्याच्या पानानं पाच सुवासिनींनी सुरुवात केली, मग सगळ्यांनी हातानं. कुणी गालाला लावते, कुणी दंडाला, आणि हाताला तर प्रत्येकजणी लावते. उरलेली हळद मला फासली. मीही हात पुढं केले. माझ्या डोक्यात एकदासुद्धा आलं नाही. रसायनशास्त्र शिकलेली मी, आणि रोज हळदीनं बोटं पिवळी होणाऱ्या त्या सगळ्या बायका, कुणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण हळद लावताना नखांचा विचार करायची वेळ त्या घरावर कधी आलीच नव्हती.

नवरी न्हाऊन बाहेर आली तेव्हा तिची दहाही नखं पिवळीधमक होती. ती घाबरली आणि तिनं साबण लावून घासायला सुरुवात केली. साबण लागल्याबरोबर पिवळ्याचं लाल झालं. विटकरी, गंजल्यासारखं. मग ती रडायला लागली.

मामी आली, तिनं हात बघितला आणि माझ्याकडं वळली. "भाचीनं केलीत म्हनून सगळ्या गल्लीत सांगितलं गं मी. आता काय सांगू? नवरीला कावीळ झालीया म्हनू?"

मी म्हटलं, "मामी, साबणानं लाल झालंय ते पाण्यानं परत पिवळं होतंय. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू तसंच..."

"शिकवणी मागनं घे. आधी पोरीचं बघ."

आक्का मला स्वयंपाकघराच्या दाराआड घेऊन गेली. तिचा चेहरा उतरला होता. खालच्या आवाजात म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं? अ‍ॅक्रिलिक केलं असतं तर ही पाळी आली नसती."

मी माझा डावा हात तिच्यापुढं धरला. त्यावर अ‍ॅक्रिलिकची दोन नखं अजून होती, तिनंच केलेली. ती पिवळी होती. शेजारची डिपची पिवळी होती. मग उजवा हात धरला, त्यावरची जेलची पण पिवळी होती. अंगठ्यांची खरी नखं होती, ती पण पिवळी होती.

आक्कानं माझं अ‍ॅक्रिलिकचं बोट धरून पदरानं घासलं. थुंकी लावून घासलं. मग उजेडात नेऊन बघितलं.

"हे बी?"

"हे बी. हळदीला काय, सगळी सारखीच."

ती बराच वेळ ते बोट सोडायला तयार नव्हती. मग म्हणाली, "म्हंजे नखाची चूक न्हाय."

"न्हाय. आपण आधी केली ती चूक. हळद झाल्यावर करायची हुती."

"हळद झाल्यावर नवरी येती काय पार्लरला?"

"नवरी येत न्हाय. आपण जायाचं."

तिनं पदर खोचला. मला वाटतं तेव्हाच तिच्या मनात काहीतरी हललं. नुसतं म्हणाली, "चल. आधी रंग उतरवू."

हळदीचा डाग उन्हात उडतो हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त डाग साडीवर असायचा, बोटावर कधी नव्हता. आम्ही नवरीला गच्चीवर नेलं. मी सॅनिटायझरनं एकेक नख पुसत होते, कापसावर पिवळं येत होतं, आणि ती दोन्ही हात उन्हात पसरून बसली होती. शेजारच्या गच्चीवरची एक म्हातारी विचारू लागली, "काय गं, नवरीला वाळत घातलाय व्हय?"

"व्हय आजी," नवरी म्हणाली. "सांडगं झालं, आता मीच राहिलो हुतो." तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

उन्हानं बरंच काम केलं. भडक पिवळा गेला, पण पांढऱ्या रेघा काही पांढऱ्या झाल्या नाहीत. आक्का म्हणाली, आता वरचा थर घासून दुसरा रंग देऊ. नवरीनं शालूचा रंग मागितला, गडद डाळिंबी. आक्का नेहमी कामाची पेटी बरोबर ठेवते, आणि माझ्या पर्समध्ये तो मुठीएवढा दिवा होता.

ते काम आम्ही माजघरात केलं, कारण दुसरीकडं कुठं जागाच नव्हती. एका बाजूला आहेराच्या साड्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला बायका सुपारी कातरत बसलेल्या, आणि आक्काच्या गुडघ्याजवळ दुपट्यावर मामीचं तान्हं नातवंड झोपलेलं. खिडक्यांवर पाहुण्यांच्या पिशव्या टांगलेल्या, त्यामुळं त्या बंद. आक्कानं ओल्या रुमालावर नवरीचा हात ठेवला, म्हणजे घासलेली भुकटी रुमालावरच बसेल. वरचा चमकदार थर हलक्या हातानं घासून काढला, पुसला, आणि रंग लावायला घेतला. मी दिवा धरला.

मध्येच करंट गेला. पंखे बंद झाले. सुपारी कातरणाऱ्या बायका "गेला गं" म्हणाल्या आणि पदरानं वारा घेऊ लागल्या. आक्कानं मान वर करून छताकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या दिव्याकडं. जांभळा उजेड तसाच होता.

"हा चालतोय?"

"चार्जिंगचा हाय, म्हटलं न्हवं तुला."

"मला काय ठावं, तू म्हटलीस म्हंजे चालंलच असं," ती म्हणाली आणि पुढचं बोट घेतलं.

मी तिचा श्वास ऐकत होते. ते मी कुणाला कळू न देता नेहमीच ऐकते. बंद खोली, उकाडा, पंखा नाही, एवढी माणसं. तिच्या नाकाच्या टोकावर घाम होता, पण श्वास साधा होता. छातीतून ती बारीक शिट्टी येत नव्हती. तान्हं मूल झोपेत ओठ हलवत होतं. मी मनात तोच प्रयोग दुसऱ्या तऱ्हेनं करून बघितला. याच खोलीत काचेची वाटी काढून त्यात तो द्रव ओतला असता, तर आधी ते मूल उठलं असतं, मग बायका उठल्या असत्या, आणि आक्का बाहेर कुठल्यातरी पायरीवर पंप हातात घेऊन बसली असती. बहुतेक आक्काही तोच विचार करत असावी. कारण एका बोटावर ब्रश थांबवून तिनं एकदा त्या बाळाकडं बघितलं, मग बंद खिडकीकडं बघितलं, आणि न विचारता मला म्हणाली, "हितं ते जमलं नसतं."

"न्हायच जमलं."

"आणि माझ्या दुकानात बी."

मी दिवा पुढच्या बोटावर धरला. तिच्या तोंडून ते यायला किती दिवस लागले होते ते मला माहीत होतं. आता त्यात माझा शब्द मिसळायचा नव्हता.

दहाही बोटं झाली. डाळिंबी रंग दिव्याखालून बाहेर आला तेव्हा मामीनं पोरीचा हात उलटासुलटा करून बघितला. "हा रंग आधीच द्यायचा हुता की. पांढरी नखं काय, म्हातारीसारखी." ही तिची शाबासकी होती. मग तिनं आम्हा दोघींना चहा आणि चिवडा आणून दिला, आणि मला चिवडा जास्त दिला.

चहा घेत होतो तेवढ्यात नवरीच्या दोन मैत्रिणी आत आल्या. नवरीचा हात बघून झाल्यावर त्यातली एक आक्काजवळ बसली आणि म्हणाली, "आक्का, पार्लरवाल्या तुमीच न्हवं? माझं बी लगीन हाय. मला अ‍ॅक्रिलिक करायचंय. कोल्हापूरला एकजण करतोय, पण तुमी केलं तर लांब जायला नको. करता न्हवं?"

मी कप खाली ठेवला. असं गिऱ्हाईक आक्कानं आजवर परत पाठवलेलं मला आठवत नव्हतं. केस सरळ करायचं काम बंद केलं तेव्हाही ती "सामान संपलंय, मागनं ये" म्हणायची. नाही असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आक्कानं चहाचा शेवटचा घोट घेतला. पोरीचा हात आपल्या हातात घेऊन नखं बघितली, अंगठ्यानं एकेक दाबून बघितली.

"न्हाय," ती म्हणाली. "अ‍ॅक्रिलिक आमी करत न्हाय. जेलच करतो."

"टिकतंय काय पर?"

"हिच्या हातावर बघ की, उद्या अक्षता पडंपर्यंत. टिकलं तर मला सांगावा धाड, न्हाय टिकलं तर कोल्हापूरला जा."

"मग कधी येऊ दुकानात?"

"तू येऊ नको," आक्का म्हणाली. "हळद कधी लागनार ते सांग. हळद लागली की मी येतो."